डोंगरातली गाडी शिळफाट्याला का तापते? इंजिन गरम होण्याची कारणं, घरची तपासणी आणि उपाय

ठाणे ग्रामीण : सकाळी टोकावड्याकडच्या पाड्यावरून निघालेली उंच गाडी शेताचा बांध, ओहोळ आणि खडीचा रस्ता पार करून मुरबाडला येते, तोवर तिला काही होत नाही. तीच गाडी दुपारी कल्याणच्या पत्रीपुलावर किंवा शिळफाट्याच्या कोंडीत वीस मिनिटं अडकली की मांडीला चटके बसू लागतात. गिअर जड होतो, न्यूट्रल सापडत नाही, मीटरवर लाल दिवा लागतो. काही जण तशीच पुढे रेटतात. मग इंजिन मध्येच जाम होतं आणि गाडी टेम्पोत घालून गॅरेजला न्यावी लागते.

मुरबाड, शहापूर, अंबरनाथ, भिवंडी आणि कल्याण तालुक्यांत दूध घालायला, गोदामात कामाला जायला आणि चिखलातून शेतावर पोचायला अशा कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांच्या गाड्या आता अनेक घरांत आहेत. बऱ्याच गाड्या जुन्या घेतलेल्या किंवा हप्त्यावरच्या असतात. इंजिन बसलं तर बोअर-पिस्टनपासून हेडपर्यंत सगळं उघडावं लागतं आणि भात विकून हातात आलेला पैसा त्यात जातो. बहुतेक वेळा ही वेळ टाळता येते, कारण इंजिन एकाएकी बसत नाही. आधी ते इशारे देतं.

थोडक्यात लक्षात ठेवायचं

• इंजिनला उन्हापेक्षा जास्त त्रास वारा थांबल्यावर होतो. कमी वेग आणि जास्त ताण हे सगळ्यात वाईट.
• लाल दिवा, टणटण आवाज किंवा जळका वास आला की बाजूला थांबा आणि इंजिन बंद करा.
• तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका.
• तपासणी चिखल, ऑइल आणि कूलंट या क्रमाने सुरू करा. यातलं काहीच महाग नाही.
• गाडी कोंडीत तापते की पळवतानाही तापते, एवढं नीट सांगता आलं तरी मिस्त्रीचं निम्मं काम होतं.

उष्णता येते कुठून, जाते कुठे

पेट्रोल जळून जी ताकद तयार होते, त्यातला साधारण पाव ते तिसरा हिस्साच चाकापर्यंत पोचतो. बाकीची सगळी उष्णता होते. काही सायलेन्सरमधून बाहेर जाते, उरलेली इंजिनाच्या अंगात राहते आणि ती बाहेर काढावी लागते. सिलिंडरच्या आत जळणाऱ्या वायूचं तापमान काही क्षणांपुरतं २,००० अंश सेल्सिअसच्या वर जातं. पिस्टन ज्या अॅल्युमिनियमचा असतो, ते शुद्ध अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. तरी पिस्टन टिकतो, कारण उष्णता सतत काढून नेली जाते. हे काम थांबलं की पिस्टन फुगतो, ऑइलचा पातळ थर तुटतो आणि पिस्टन सिलिंडरला चिकटतो. यालाच गॅरेजच्या भाषेत इंजिन सीज झालं म्हणतात.

यात फक्त पैशाचं नुकसान नाही. चालत्या गाडीत इंजिन जाम झालं तर मागचं चाकही अडकू शकतं. माळशेजच्या उतारावर किंवा मुंबई-नाशिक महामार्गावर ट्रकच्या पुढे असं झालं तर जिवावर बेततं. अशा वेळी पहिल्यांदा क्लच पूर्ण दाबायचा, म्हणजे चाक मोकळं होतं, आणि मग गाडी सावकाश कडेला घ्यायची.

आपली गाडी कोणत्या प्रकारची, ते आधी ओळखा

हवेवर थंड होणारी : सिलिंडरवर पंखांसारख्या पात्या असतात. वारा त्यातून गेला की इंजिन गार राहतं. हिरोने २०११ साली आणलेली १५० सीसीची इम्पल्स या प्रकारातली. ती आता बनत नाही, पण जुन्या गाड्या अजून रस्त्यावर दिसतात.

हवा आणि ऑइल कूलर : पात्यांबरोबर पुढे एक छोटी जाळी असते आणि त्यातून इंजिन ऑइल फिरून गार होतं. हिरो एक्सपल्स २००चं २०२१ सालचं चार व्हॉल्व्हचं मॉडेल आणि २०१६ साली आलेली ४११ सीसीची रॉयल एन्फिल्ड हिमालयन या गाड्या यात येतात. २०२२ची सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स हीसुद्धा ऑइलवर थंड होते.

लिक्विड कूल : इंजिनाभोवती कूलंट फिरतं. मोठा रेडिएटर, विजेवरचा पंखा, पाण्याचा पंप आणि थर्मोस्टॅट अशी सगळी यंत्रणा असते. २०२०ची केटीएम ३९० अॅडव्हेंचर, २०२३च्या नोव्हेंबरमध्ये आलेली हिमालयन ४५० आणि २०२५च्या जानेवारीत दाखवलेली एक्सपल्स २१० या प्रकारातल्या.

पहिल्या दोन प्रकारांत बहुधा पंखा नसतो. म्हणून गाडी उभी राहिली की वारा थांबतो आणि तिला गार करणारं काहीच उरत नाही. तिसऱ्या प्रकारात पंखा लागतो, पण तो चालला तरच उपयोग.

गरम असणं वेगळं, तापणं वेगळं

हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाचं हेड नेहमीच्या चालण्यातही शंभर अंशांच्या वर असतं. त्यामुळे त्यावर पाण्याचा थेंब टाकला आणि तो चर्र करून उडाला, यावरून गाडी तापली असं ठरत नाही. लिक्विड कूल गाडीचा पंखा कोंडीत सुरू होणं आणि पायावर गरम हवा येणं हेही नेहमीचंच. काही गाड्यांत पंखा चावी बंद केल्यावरही थोडा वेळ फिरतो. त्याला घाबरू नये.

काळजी करायची लक्षणं ही :

• चढावर ओढ कमी होणं, अॅक्सिलरेटर पिळूनही गाडी न उचलणं.
• ताण दिल्यावर इंजिनातून खडे हलवल्यासारखा टणटण आवाज येणं.
• जळक्या ऑइलचा वास, किंवा कूलंटचा गोडसर वास.
• क्लच सरकणं : इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी पळत नाही.
• गिअर जड होणं, न्यूट्रल न सापडणं.
• चावी बंद केल्यावर इंजिनातून खळखळ उकळल्याचा आवाज येणं.
• तापमानाचा दिवा लागणं किंवा काटा लाल पट्ट्यात जाणं.

एक गोष्ट मात्र वेगळी काढावी. गाडी गरम झाली की बंद पडते आणि गार झाली की मुकाट सुरू होते, एवढंच होत असेल तर इंजिन जास्त तापतंय असं नाही. गरम झाल्यावर दगा देणारी कॉइल, एखादा सेन्सर किंवा टप्पेटचं कमी अंतर यामुळेही असं होतं. अशा वेळी रेडिएटर किंवा कूलरवर खर्च करण्याआधी करंट तपासून घ्यावा.

रस्त्यात गाडी तापली तर

१) इंडिकेटर देऊन कडेला घ्या, शक्यतो सावलीत. वळणावर किंवा पुलाच्या तोंडाशी थांबू नका.

२) इंजिन बंद करा. "चालू ठेवली तर गार होईल" हे हवेवरच्या गाडीला लागू नाही. उभ्या गाडीत वारा नसतो आणि इंजिन मात्र उष्णता तयार करतच राहतं.

३) निदान अर्धा तास थांबा. अंगावर पाणी, माती, ओलं फडकं काही टाकू नका. तापलेल्या धातूवर एकदम गार पाणी पडलं की तो एका जागी आक्रसतो. हेड वाकणं किंवा तडा जाणं यातूनच होतं. याच कारणाने, घाट चढून आल्या आल्या गाडी ओढ्यात घालू नये.

४) रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचंच नाही. कूलंट दाबाखाली असतं. झाकण बंद असताना ते १२० अंशांच्या पुढेही उकळत नाही, पण झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि उकळतं कूलंट थेट तोंडावर उडतं. असं भाजणं फार वाईट असतं.

५) गार झाल्यावर खाली वाकून बघा. ऑइल किंवा कूलंट टपकतंय का? गळती मोठी असेल किंवा ऑइल पातळी काचेत दिसतच नसेल तर गाडी सुरू करू नका, टेम्पो बोलवा. मुंबई-नाशिक राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ आणि कुठेही आणीबाणीत ११२ हे क्रमांक आहेत.

६) कूलंट थोडंच कमी असेल आणि जवळ कूलंट नसेल तर नाइलाज म्हणून पिण्याचं फिल्टरचं पाणी घालून हळू गॅरेजपर्यंत जाता येतं. नंतर मात्र ते सगळं काढून नवं कूलंट भरायचं. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी ठेवलं तर क्षार आत चिकटतात आणि रेडिएटरच्या नळ्या चोंदतात.

घरची तपासणी : स्वस्तापासून सुरुवात

पुढच्या गोष्टी अंगणात, गाडी पूर्ण गार असताना करता येतात.

पहिली गोष्ट, चिखल. आपल्याकडे हे कारण फार असतं आणि ते डोळ्यासमोर असून दिसत नाही. अशा गाड्यांचा पुढचा मडगार्ड उंच असेल तर चाकावरचा चिखल सरळ ऑइल कूलरवर, रेडिएटरवर आणि सिलिंडरच्या पात्यांवर उडतो. भाताच्या खाचरातला चिकट गाळ वाळला की विटेसारखा बसतो. वारा पात्यांपर्यंत पोचतच नाही. इंजिनाखालच्या लोखंडी तव्यात, म्हणजे सम्प गार्डमध्येही हा गाळ साठतो आणि इंजिनाच्या पोटाला गोधडी गुंडाळल्यासारखं होतं. तो वर्षातून दोनदा तरी काढून साफ करावा. जाळी साध्या नळाच्या पाण्याने, मऊ ब्रशने धुवा. सर्व्हिसिंग सेंटरचं जोराचं पाणी जवळून मारलं तर जाळीच्या बारीक पात्या आडव्या होतात आणि वाट कायमची बंद होते. आडव्या झालेल्या पात्या बारीक चपट्या काडीने हळूच सरळ करता येतात.

दुसरी, वारा अडवणारं सामान. रेडिएटरपुढे बसवलेले जादा दिवे, जाड क्रॅश गार्ड, पावसाळ्यात बांधलेला आणि तसाच राहिलेला प्लास्टिकचा कागद हे सगळं बघा. दिवे लावायचेच तर जाळीच्या बाजूला लावा, समोर नको.

तिसरी, इंजिन ऑइल. या गाड्यांत एकच ऑइल इंजिन, गिअर आणि क्लच या तिघांचं काम करतं, शिवाय उष्णताही वाहून नेतं. पातळी बघताना गाडी साइड स्टँडवर नको. सपाट जागी सरळ धरा आणि कंपनीच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे काचेतून किंवा काडीने बघा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. कमी तर वाईटच, पण खुणेच्या वर भरलं तरी त्रास होतो. ग्रेड पुस्तकातलाच घ्या : एक्सपल्सला १०डब्ल्यू-३०, हिमालयन ४११ला १५डब्ल्यू-५०. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' लिहिलेलं हवं. कारचं ऑइल स्वस्त मिळालं म्हणून घातलं तर क्लच सरकतो, आणि सरकणारा क्लच स्वतःच उष्णता करतो. ऑइल दुधाळ, चहासारखं दिसलं तर आत पाणी किंवा कूलंट गेलंय. अशी गाडी चालवू नका.

चौथी, कूलंट. फक्त लिक्विड कूल गाडीसाठी. बाजूच्या पांढऱ्या बाटलीत पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. कमी असेल तर कंपनीने सांगितलेलंच कूलंट घाला, दोन वेगळ्या प्रकारची एकत्र करू नका. घट्ट प्रकारचं कूलंट असेल तर ते डिस्टिल्ड वॉटरमध्येच मिसळायचं, बहुतेक वेळा निम्मं-निम्मं. कूलंट विषारी असतं आणि चव गोड असते. काढलेलं कूलंट अंगणात ओतू नका. लहान मुलं, कुत्री, गुरं चाटतात.

पाचवी, पंखा. लिक्विड कूल गाडी उभी ठेवून इंजिन चालू करा आणि तापू द्या. काटा वर सरकला की पंख्याचा आवाज यायला हवा. नाही आला आणि काटा वरच चालला तर लगेच बंद करा. आधी फ्यूज बघा. नंतर पंख्यात चिखल अडकलाय का, वायर उंदराने कुरतडलीय का ते बघा. गोठ्यात उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे नेहमी सापडतं.

सहावी, चाक आणि साखळी. ब्रेक घासत असेल किंवा साखळी ताणलेली असेल तर इंजिनाला जास्तीचं ओझं ओढावं लागतं. डबल स्टँडवर, किंवा कुणाला तरी गाडी साइड स्टँडकडे झुकवायला सांगून, चाक हाताने फिरवा. ते मोकळं फिरलं पाहिजे. उंच गाड्यांचं सस्पेन्शन लांब असतं, त्यामुळे माणूस बसला की साखळी आणखी ताणली जाते. रिकाम्या गाडीवर "बरोबर" वाटणारी साखळी दोन माणसं आणि दुधाचे कॅन चढले की तारेसारखी होते. पुस्तकात दिलेली ढील ठेवाच.

सातवी, एअर फिल्टर आणि प्लग. धुळीने चोंदलेला फिल्टर इंजिनाचा श्वास कोंडतो आणि ओढ कमी करतो. ओढ कमी झाली की माणूस जास्त पिळतो. प्लग काढता येत असेल तर त्याचा रंग बघा. फिकट तपकिरी असेल तर ठीक. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी आणि हवा जास्त, म्हणजे इंजिन तापणार. काळा आणि काजळी धरलेला असेल तर पेट्रोल जास्त. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने मिश्रण आणखी पातळ होतं. प्लग पांढरा दिसत असेल तर मिस्त्रीकडून जेट आणि सेटिंग तपासून घ्यावं.

कधी तापते, त्यावरून कारण

कोंडीत तापते, पळवली की काटा खाली येतो : लिक्विड कूल गाडीत पंखा, त्याचा फ्यूज किंवा सेन्सर. हवेवरच्या गाडीत चिखल, ऑइल किंवा चालवण्याची पद्धत.

पळवतानाही तापते : कूलंट कमी, रेडिएटर आतून किंवा बाहेरून चोंदलेला, पंप अशक्त. हवेवरच्या गाडीत ऑइल कमी, पातळ मिश्रण किंवा इनटेकच्या रबराला चीर.

सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटांतच तापते : कूलंटच नाही, किंवा थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय. इंजिन तापलेलं आणि रेडिएटर मात्र गार, ही थर्मोस्टॅटची खूण.

कूलंट बदलल्यावर तापायला लागली : आत हवेचा फुगा अडकलाय. हवा काढून पुन्हा भरावं लागतं.

कूलंट सारखं कमी होतं : पंपाच्या खाली बारीक भोक असतं. तिथून थेंब पडत असतील तर पंपाचं सील गेलंय. बाहेर कुठेच गळत नसेल, पण सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय आणि इंजिन गरम झालं तरी थांबत नाही, किंवा ऑइल दुधाळ झालंय, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा.

निळसर धूर आणि ऑइल कमी होणं : रिंग किंवा व्हॉल्व्ह सील. बहुधा गाडी आधी कधीतरी तापून गेलेली असते.

टप्पेटचं अंतरही विसरू नये. ते फार कमी झालं की व्हॉल्व्ह नीट बसत नाही, जळता वायू त्याच्या कडेने जातो आणि व्हॉल्व्ह जळतो. अंतर गार इंजिनावरच मोजतात. म्हणून टप्पेटचं काम असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी गॅरेजला सोडावी. आत्ताच चालवत आणलेल्या गाडीचं माप चुकतं.

गॅरेजमध्ये दोन जुगाड सुचवले जातात. एक, थर्मोस्टॅट काढून टाकणं. त्याने खरं कारण तसंच राहतं आणि इंजिन सकाळी गार चालून पेट्रोल जास्त खातं, झीज वाढते. दुसरा, पंखा थेट स्विचवर जोडणं. तो स्विच चालू करायला एकदा विसरलं की संपलं. शिवाय वॉरंटीतल्या गाडीत वायर कापली की कंपनी हात वर करते.

चालवण्याची पद्धत : कोंडी, घाट, चिखल

कोंडीत : कल्याण-शिळ रस्ता, भिवंडीचा माणकोली, ठाण्याचा माजिवडा, घोडबंदर रस्ता इथे हाफ क्लचवर इंच इंच सरकणं हे इंजिन आणि क्लच दोघांनाही जाळतं. पुढच्या गाडीला थोडं पुढे जाऊ द्या, मग क्लच पूर्ण सोडून पुढे जा आणि न्यूट्रल करा. गाड्या मिनिटभर हलणार नाहीत असं दिसलं तर इंजिन बंद करा. लाल दिवा लागण्याच्या आधी हे करायचं. हवेवरच्या गाडीवाल्याने तर सलग पंधरा-वीस मिनिटांची कोंडी दिसली की सावलीत थांबून चहा घेतलेला बरा.

घाटात : कल्याण-मुरबाड-माळशेज हा राष्ट्रीय महामार्ग ६१ असो वा कसारा घाट, चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिन कण्हत चालवणं चुकीचं. त्याने टणटण सुरू होते आणि हेड तापतं. एक गिअर खाली घ्या, इंजिन मधल्या फेऱ्यांवर मोकळं चालू द्या. उलट पहिल्या गिअरमध्ये किंचाळवत नेणंही नको. डबलसीट आणि सामान असेल तर चढाच्या मध्ये एकदा थांबा.

चिखलात : चाक जागेवर फिरतंय आणि गाडी हलत नाही, अशा वेळी क्लच-अॅक्सिलरेटरचा खेळ मिनिटाच्या वर करू नका. उतरा, दगड किंवा फांद्या चाकाखाली घाला, एकाला ढकलायला सांगा. चिखलातून निघाल्यावर जाळी आणि पात्या काडीने मोकळ्या करून मगच पक्क्या रस्त्याला लागा.

पुराच्या पाण्यात : २६ जुलै २००५ आणि २७ जुलै २०१९ या दोन्ही पुरांत उल्हास नदीकाठच्या भागात पाणी शिरलं. २०१९ला तर बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती. अशा पाण्यात बुडालेली गाडी किक किंवा बटण मारून बघू नका. आधी ऑइल काढा, फिल्टर आणि प्लग काढून पाणी बाहेर काढा, मग नवं ऑइल. दुधाळ ऑइलवर चालवलेली गाडी काही किलोमीटरमध्ये बसू शकते.

वर्षाचं वेळापत्रक

मे अखेर : ऑइल, कूलंटची पातळी, साखळी, ब्रेक. पावसाळ्यात गॅरेजला जायला वेळ मिळत नाही.

लावणी संपल्यावर : जाळी, पात्या आणि सम्प गार्ड साफ. पाऊस चालू असतो तोवर गाळ ओला राहतो आणि गाडीही गार राहते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

दसऱ्याच्या आत : हाच सगळ्यात महत्त्वाचा टप्पा. पावसाळ्यातला गाळ वाळलेला, ऑक्टोबरचं ऊन आणि भातकापणीची धावपळ एकत्र येते. पावसात न तापलेली गाडी याच दिवसांत पहिल्यांदा तापते. सम्प गार्ड काढून धुवा, ऑइल आणि एअर फिल्टर बघा.

होळीच्या आधी : कूलंट किती जुनं आहे ते तपासा. बऱ्याच गाड्यांत ते साधारण दोन वर्षांनी बदलतात, नेमका काळ पुस्तकात असतो. पंखा चालतो का बघा. मार्चपासून मुरबाड-शहापूर पट्ट्यात पारा चाळिशीला टेकतो, त्याच्या आत हे झालेलं बरं.

जुनी गाडी घेताना

विकणाऱ्याला आधीच सांगा की गाडी सुरू करून ठेवू नका. गेल्यावर इंजिनाला हात लावा. गरम लागलं तर काहीतरी लपवलंय असं समजून पुन्हा दुसऱ्या दिवशी जा. गार इंजिन एका दमात सुरू व्हायला हवं. ऑइलचं झाकण उघडून आत दुधाळ थर आहे का बघा. हेड आणि सिलिंडरच्या जोडावर ऑइल पाझरलंय का, नुकतंच सील लावून पुसलंय का ते बघा. लिक्विड कूल गाडी असेल तर बाटलीत कूलंट आहे की साधं पाणी, ते रंगावरून कळतं. नंतर वीस मिनिटं स्वतः चालवा, त्यातली दहा गर्दीच्या रस्त्यावर. मोकळ्या रस्त्यावर पळवून दाखवलेली गाडी तापण्याबद्दल काहीच सांगत नाही.

वॉरंटीतली गाडी पुन्हा पुन्हा तापत असेल तर

तोंडी तक्रार करून परत येऊ नका. जॉब कार्डवर "कोंडीत तापते, दिवा लागतो" असं स्पष्ट लिहून घ्या, तारीख आणि किलोमीटरसकट. दिवा लागलेल्या मीटरचा फोटो काढून ठेवा. ठरलेल्या सर्व्हिसिंगची बिलं जपा, कारण ऑइल वेळेवर बदललं नाही हे कारण पहिलं पुढे केलं जातं. तरी दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं.

घरात गाडी चालवणारे दोघं-तिघं असतील तर एक गोष्ट सगळ्यांना सांगून ठेवा. शेवटी गाडी कोण चालवत होतं यावरून भांडण होतं, पण लाल दिवा दिसूनही घर जवळ आलंय म्हणून रेटलेले शेवटचे दोन किलोमीटर सगळ्यांनाच महाग पडतात. दिवा लागला की थांबायचं, मग घर समोर दिसत असलं तरी.